मढ्याच्या हातचा गहू

झॉम्बी कोणाला म्हणतात, ठाऊक आहे तुम्हाला?

ठाऊक असल्यासारखी मान हलवू नका. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या पोराला तुम्ही झॉम्बी म्हणता. रात्रपाळी करून आलेला माणूस चहाचा कप धरून भिंतीकडे पाहत बसला, की त्याला म्हणता. दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्याला तुम्ही म्हणता आणि तो तुम्हाला म्हणतो. सिनेमात फाटक्या कपड्यातलं मढं दात विचकत माणसांच्या मागे पळतं, ते तुम्ही खारे दाणे खात पाहता आणि घरी येऊन गाढ झोपता. पण ज्या बेटावरून हा शब्द जगभर फिरला, तिथं तो दात विचकत नव्हता. तिथं ऊसमळ्यांत गुलाम राबत. मेल्यावर तरी मालकाच्या हातून सुटू, एवढी एकच आशा त्यांना होती. आणि भीतीही एकच होती, की कोणी मंत्र घालून मेल्यावरही उठवेल आणि पुन्हा मळ्यात जुंपेल. तो झॉम्बी. चावणारा नव्हे, राबणारा. लोक त्याला भीत नसत. आपण तसे होऊ, याला भीत.

आपल्याकडे हा शब्द नव्हता, पण माल होता. किन्हीराजा गावापासून थोड्या अंतरावर एक गाव आहे. नाव सांगत नाही. त्या गावातल्या नातवांना अजून थोडी लाज शिल्लक असेल, असं धरून चालू. त्या गावाने एका धडधाकट माणसाला मढं केलं, आणि मढं करून त्याच्याकडून वावर नांगरून घेतलं. माणसाचं नाव जगदेव. पण ही गोष्ट त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोची, सोजरबाईची आहे, कारण त्या साऱ्या गावात मेलेलं कोण आणि जितं कोण हे तिला एकटीला कळत होतं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. सरकारला समुद्रापलीकडे, बसऱ्याकडे, फौजेची ओझी वाहायला माणसं पाहिजे होती. जगदेव गेला. शेजारच्या बंजारा तांड्यावरचा बाबूसिंगही गेला. जगदेवाजवळ वडिलांच्या वाटणीचं काळ्या मातीचं एक वावर होतं, गहू-तुरीचं, पाटलाच्या वावराला लागून. पाटील म्हणजे दौलतराव, जगदेवाचा लांबचा चुलत भाऊ. जाताना दौलतराव म्हणाला, "जाय बिनघोर. वावर मी पाहतो." त्याने ते पाहिलं खरं. मांजर दुधाकडे पाहते तसं पाहिलं.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घराघरात माणसं आडवी झाली, लाकडं पुरेनात. त्या गडबडीत शेलूबाजारच्या बाजारात कोणीतरी कोणाला सांगितलं, की बसऱ्याकडे गेलेली आपली माणसं तापाने गेली. कोण गेलं, कोण राहिलं, विचारलं कोणी? नाही. दौलतरावाला तेवढं पुरलं. त्याने गावच्या जोश्याला, नानाजीला बोलावलं.

दूरदेशी मेलेल्या माणसाचं प्रेत मिळालं नाही, तर त्याचा पुतळा करून जाळायची आपल्याकडे रीत आहे. पळसाच्या काड्यांचे हात-पाय, काड्यांचंच धड, डोक्याच्या जागी नारळ, वर त्या माणसाचे कपडे. पण त्या रीतीला एक लगाम आहे. नुसता बेपत्ता असेल, तर बारा वर्षं वाट पाहायची असते. नानाजीला हे पक्कं ठाऊक होतं. पण दौलतरावाच्या ओसरीवर बसल्यावर त्याची स्मरणशक्ती दक्षिणेप्रमाणे कमी-जास्त होत असे. "तापाची खबर हाये, म्हंजे बेपत्ता नाई. म्हंजे मृतच," असं त्याने सांगितलं आणि पळस तोडायला माणसं पाठवली.

सोजरबाईला पुतळ्याआधी पुतळ्यावर घातलेली बंडी दिसली. नवऱ्याची चांगली बंडी, तिनेच शिवलेली, सणासुदीला घालायची. ती म्हणाली, "जुनी घाला. हे काहून जाळता?"

दौलतराव म्हणाला, "मेलेल्याले कंजुशी करते का व?"

"मेले म्हनून कोनी पाह्यलं?"

"साऱ्या गावाले मालूम हाये."

साऱ्या गावाला मालूम होतं. त्यातल्या एकानेही काही पाहिलेलं नव्हतं. नाल्याच्या काठी बंडी जळाली, नारळ फुटला, आणि बायांनी सोजरबाईच्या बांगड्या फोडल्या. ती रडली नाही म्हणून तिला नावंही ठेवली. तेरवीला त्याच तोंडांनी तिच्या घरची शेवटची तूर खाल्ली. मग दौलतरावाने वावर आपल्या वखराखाली घेतलं. रांड बाईला कोण पेरून देणार, म्हणून. तीच सोजरबाई आपल्याच वावरात त्याची निंदणाची मजूर झाली.

दुसऱ्या वर्षी आषाढात, भर दुपारी, ती निंदत असताना धुऱ्यावरच्या, वावराच्या बांधावरच्या, बाया एकदम ओरडत पळाल्या. विळे टाकून, पदर सोडून. सोजरबाईने मान वर केली. धुऱ्यावर दोन माणसं उभी होती. एक बाबूसिंग, डोक्याला भलं मोठं पागोटं. दुसरा वाळलेला, डोळे खोल गेलेला, अंगात खाकी रंगाचा फाटका सदरा. तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "सोजर, थकलो व. पानी हाये का?"

ती उठली. पाण्याचा मोगा त्याच्या हातात दिला. तो प्यायला, आणि मोगा रिकामा करून पहिली गोष्ट विचारली, "माही ते बंडी हाये ना घरी? ह्या सदऱ्यानं अंग खाजते."

"जळली," सोजरबाई म्हणाली. आणि त्याच्या दंडाला धरून, जणू कोणी हिसकून नेईल अशा चालीने, गावाकडे निघाली.

गाव कसं असतं पाहा. हाच माणूस तापाने मेला अशी खबर आली, तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही. तो चालत आला, पाणी प्यायला, बोलला, तेव्हा मात्र सगळे पुराव्याला बसले. घरांची दारं लागली. पारावर पंच बसले. जगदेवाला पाराखाली, उन्हात उभं केलं.

बाबूसिंग म्हणाला, "मी संगं होतो बाप्पा. दवाखान्यात ताप भोगत पडला होता, मेला-बिला नाई. माह्या समोर रोज शिव्या देत जाय."

दौलतराव म्हणाला, "तुई साक्ष इथं चालत नाई. तुमचा तांडा येगळा, आमचं गाव येगळं."

"आमच्या तांड्यात मेलेला मानूस भाकर मांगत नाई," बाबूसिंग म्हणाला. "तुमच्यात मांगते काय?"

दोघे-तिघे हसले आणि दौलतरावाकडे पाहून गप्प झाले. नानाजीने घसा खाकरला. त्याच्या पोथीप्रमाणे ज्याचा पुतळा जाळला तो मेलाच. पण मेलेला परत आलाच, तर उपायही होता. त्याला तुपाच्या रांजणात बसवायचं, बाहेर काढून आंघोळ घालायची, तान्ह्या पोरासारखं दुपट्यात गुंडाळायचं, बारसं करायचं, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. मग तो जिता. रांजणभर तूप, धोतरजोड्या, ब्राह्मणभोजन आणि गावजेवण, एवढं झालं की काम फत्ते.

सोजरबाई पाराखालून म्हणाली, "ज्यायले त्यायच्या मायनं एकदा जन्म देला, त्यायले तुमी आनखी कितीदा देता?"

"बाईनं पंचांत बोलू नये," नानाजी म्हणाला.

"बाई पंचांत बोलत नाई, महाराज. मढ्याची रांड बोलून राह्यली. तिले कायची लाज?"

दौलतराव मात्र मोठ्या मनाने पुढे झाला. तूप मी देतो म्हणाला. गावजेवणही मीच घालतो. फक्त पिकं निघू द्या. तोपर्यंत याला मढंच समजा, गावात घेऊ नका, विहिरीवर येऊ देऊ नका, न्हाव्याने हात लावू नये. माझ्या वावराकडे पडून राहील बिचारा. लोकांनी वाहवा केली. कोणाच्या डोक्यात आलं नाही की पिकं निघेपर्यंत कोणाचे हात पाहिजेत. किंवा आलं असेल. तेही तितकंच वाईट.

सोजरबाई पटवाऱ्याकडे गेली. पटवारी दौलतरावाच्याच ओसरीवर पान लावत बसला होता. तिने बोलायला तोंड उघडलं आणि दौलतरावच आतून तांब्या घेऊन आला, पटवाऱ्यासाठी. ती परत फिरली.

असा जगदेव मढं झाला. त्याने वखर हाणला, गहू पेरला, तूर राखली. त्याच्याच बापाच्या वावरात, दुसऱ्याच्या बैलांनी. मजुरी नव्हती, मढ्याला कसली मजुरी? दौलतरावाचा गडी दुपारी पत्रावळीवर उरलंसुरलं आणून धुऱ्यावरच्या दगडावर ठेवायचा आणि मागे न पाहता निघून जायचा. पिंड ठेवून जातात तसा. जगदेव तो लांब जाईपर्यंत थांबायचा आणि मग खायचा. गावातली पोरं दुरून "मढं, मढं" ओरडायची. मोठ्यांच्या बोलण्यात तो शब्द नवा अर्थ घेऊन घुसला. आळशी बैलाला मढं म्हणत. मान खाली घालून ऐकणाऱ्या सुनेला म्हणत. "मढ्यावानी काम कर," असं एक जण आपल्या गड्याला म्हणाला, आणि त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं.

सोजरबाई एकदा भाकर घेऊन वावरात गेली. पत्रावळ दगडावर होती. तिने ती उचलली आणि नाल्यात भिरकावली. नवऱ्यासमोर फडकं सोडलं, भाकर, तिखट, अंबाडीची भाजी. आपणही बसली आणि त्याच्याच भाकरीचा तुकडा मोडला.

जगदेव सरकून बसला. "तुले विटाळ होईन."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर समजलं, की नाही.

"तुमी मेले कोठी, सांगा बरं मले," ती म्हणाली. "कोन्या जागी, कोन्या दिवशी?"

त्याने तुरीची एक काडी मोडली. "तिकडं मी मढीच वाहत होतो, सोजर. सामान संपलं का मढी. रोज कोनी ना कोनी. मंग मले ताप आला, मी बी त्यायच्या रांगेत पडलो. उठलो का नाई, ध्यानात नाई." मग त्याने मान हलवली. "गावानं जाळलं मले. येवढं सारं गाव खोटं कसं असन?"

हे शब्द सोजरबाईला दौलतरावाच्या साऱ्या बदमाशीपेक्षा जास्त झोंबले. चोर चोरी करतो, तो त्याचा धंदा. पण ज्याचं गेलं तोच म्हणाला की चोर बरोबर असेल, तर माणसाने धरावं कोणाला? ज्या ताकदीने तो ओझी वाहत बसऱ्याहून जिवंत आला होता, ती ताकद गावाच्या एका शब्दाने पुसली. तिला त्याचा राग आला. दयाही आली असेल, पण राग आधी आला, आणि तोच कामाचा होता.

"बाबूसिंग तुमाले पाह्यते, बोलते, तमाखू देते. तो मढ्याले तमाखू देते का?"

"तो तांड्यावरचा."

"म्हंजे तांड्यावरच्याले डोये हायेत, आन् गावाले नाई. मले येवढंच आयकाचं होतं," ती म्हणाली आणि फडकं गुंडाळून निघाली. भाकर मात्र तिथेच ठेवली. वळून पाहिलं तेव्हा तो खात होता. मढ्याची भूक चांगली होती.

तूर निघाली. तूप आलं नाही. नानाजीला मुहूर्त सापडेना. गहू निघाला. नानाजीला अजूनही मुहूर्त सापडेना. दौलतरावाच्या मुलीच्या, विजयमालेच्या लग्नाचा मुहूर्त मात्र त्याला एका बैठकीत सापडला. वैशाखात, भर उन्हात. वर मेडशीचा, जानराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा.

सोजरबाईने नानाजीला रस्त्यात गाठलं. "महाराज, मढ्यानं गहू काढला, तो तुमच्या घरी बी आला. विटाळ नाई झाला?"

नानाजी हसला. मूर्ख बाईला शास्त्र शिकवायची संधी त्याला आवडत असे. "कोरड्या धान्याले विटाळ नसते, बाई. विटाळ पान्याले. मढ्याच्या हातचं पानी लागलं का गेलं. धान्याचं काय, ते मातीतून येते."

"असं काय," सोजरबाई म्हणाली. आणि हे वाक्य तिने पदराच्या गाठीसारखं बांधून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी गावची विहीर आटली होती. वऱ्हाड मोठं. पाणी फक्त दौलतरावाच्या मळ्यातल्या विहिरीला, गावापासून लांब. मोट हाकून टाक्या भरायच्या, गाडीवर लादायच्या, मांडवाकडे आणायच्या, पहाटेपासून. गड्यांना मांडवात मिरवायचं होतं. मग या कामाला कोण उरलं? दौलतरावाने गाडी मढ्याकडे पाठवली. विटाळ म्हणजे काय, तर ज्याने आपलं काम अडत नाही तो. काम अडलं की विटाळ मांडवाच्या मागच्या बाजूने आत येतो आणि कोणी नाक मुरडत नाही.

सोजरबाई मांडवाच्या मागे भांडी घासायला होती. रांड बाईला पुढे जागा नव्हती. तिने गाडी येताना पाहिली. जगदेवाने मान खाली घालून टाक्या उतरवल्या, आचाऱ्याच्या कढयांशेजारी, आणि पुन्हा मळ्याकडे गेला. पुन्हा आला. त्या पाण्यात कणीक भिजली, वरण शिजलं, द्रोण भरले गेले. तिने हात धुतले, पदर खोचला आणि वाट पाहिली.

अक्षता पडायच्या आधी वऱ्हाडाची पहिली पंगत बसली. पाहुणे मानाचे, जानराव सर्वांत वर. पोळ्या वाढल्या, वरण वाढलं. जानरावाने पोळीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवला, तेव्हा सोजरबाई दोन पंगतींच्या मधल्या वाटेत येऊन उभी राहिली. कपाळ उघडं, हात उघडे. शुभकार्यात असं समोर येणं म्हणजे केवढा अपशकुन, हे तिला सांगायला चार बाया धावल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"पाहुणे," ती जानरावाला म्हणाली, "मी रांड बाई हावो. समोर आल्यापायी माफ करा. एक इचारतो आन् जातो. मेलेल्या मानसाच्या हातचं पानी तुमच्याकडे चालते का?"

जानरावाचा घास हातात राहिला. "काहून बा? असं काहून इचारून राह्यली?"

"आमच्या गावाकडं चालते म्हनून. तुमी जेवून राह्यले ना, त्या पोयीचा गहू जगदेवानं काढला. गव्हाले विटाळ नाई म्हनते नानाजी महाराज. पन कणीक ज्या पान्यात भिजली, ते बी जगदेवानंच आनलं. अन् जगदेव मेला हाये. सारं गाव सांगते."

तिने नवऱ्याचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, भर पंगतीत, तीनदा. एका म्हातारीने तोंडावर हात मारला. सोजरबाई तिच्याकडे वळून म्हणाली, "माय, मेलेल्या नवऱ्याचं नाव घ्याले कायची लाज? तुमीच त ह्या बांगड्या फोडल्या."

पंगत थांबली. वऱ्हाडाचे हात पानावरून मागे आले, एकामागून एक, सारवलेल्या अंगणातून कोंबड्या हुसकाव्यात तसे. जानराव उठला नाही, पण त्याने तुकडा खाली ठेवला. त्याला जगदेवाची दया आली असं समजू नका. जानरावाला स्वतःच्या जातभाईंची भीती होती. मेडशीत परतल्यावर कोणी म्हणालं असतं, मढ्याच्या हातचं खाऊन आला, तर त्याच्याही दारात पंगत बसली नसती.

"दौलतराव," तो म्हणाला, "मानूस मेला का जिता? एक सांगा."

दौलतरावाने सोजरबाईकडे पाहिलं. मग मुलीकडे, जी डोक्यावर बाशिंग बांधून बसली होती. मग नानाजीकडे. नानाजी ताटातल्या अक्षता चाळत होता.

"ते बाई येडी हाये," दौलतराव म्हणाला.

"ते मी इचारलंच नाई. मानूस मेला का जिता? मेला असन त मी वऱ्हाड घेऊन उठतो."

इतके दिवस सोजरबाईला ज्या शब्दासाठी झुलवलं, तो शब्द दौलतरावाच्या तोंडून एका पाहुण्याच्या भीतीने निघाला. "जिता हाये," तो म्हणाला.

"मोठ्यानं," सोजरबाई म्हणाली. "तिकडं वाढपी आयकून नाई राह्यले."

"जिता हाये, जिता हाये. बसा पाहुणे."

आणि नानाजीची स्मरणशक्ती लगेच परत आली. बारा वर्षं झाली नव्हती, म्हणून पुतळ्याचा विधी मुळातच बाद, म्हणून माणूस मेलाच नव्हता, म्हणून तुपाचीही गरज नाही. सगळं पोथीतच होतं म्हणे. नालायक, मग ते वर्षभर कुठल्या पानात दडून बसलं होतं?

"मंग जित्या मानसाचं वावर?" सोजरबाई म्हणाली.

जानराव वैतागला. "अवो देऊन टाका ना तिचं वावर. पोया थंड्या होऊन राह्यल्या."

असा न्याय झाला. कोणाच्या मनाला टोचणी लागून नव्हे, पोळ्या थंड होत होत्या म्हणून. हा न्याय ज्यांना लहान वाटतो, त्यांनी कधी तो मागितलेला नसतो.

गोष्ट इथे संपली असती, तर गावाला सोपं गेलं असतं. पण तेवढ्यात जगदेव पाण्याची पुढची खेप घेऊन आला. कोणीतरी ओरडलं, "अबे मढ्या, जिता झाला तू. बस पंगतीले." त्याने टाकी खाली ठेवली. सगळीकडे पाहिलं. मग सावकाश दौलतरावाकडे वळून विचारलं, "मालक, बसू?"

पंगत खदखदून हसली. सोजरबाई हसली नाही. तिने त्याच्या खांद्यावरची दोरी काढून जमिनीवर टाकली आणि म्हणाली, "ह्या पंगतीत नाई बसाचं. घरी चाला." तो आला. पण तीही मालकीण असल्यासारखा, तिच्या दोन पावलं मागे. ते तिला घरापर्यंत सहन करावं लागलं, आणि पुढे बरीच वर्षं.

वावर मिळालं. तिने पुन्हा बांगड्या भरल्या. नवी बंडी शिवली. माणूस जितका मिळायला हवा होता, तितका मिळाला नाही. जगदेव काम करायचा, सांगितलं ते. पेरू का, विचारायचा. जेवू का, विचारायचा. गावात कोणीही "मढ्या, इकडं ये" म्हटलं, की जायचा. त्याच्या मनातला पुतळा जळतच होता. सोजरबाई त्याला मुद्दाम उलटं सांगायची, "आज वखर नका हाणू," की कधीतरी तो चिडेल. तो वखर ठेवून द्यायचा. बाबूसिंग तमाखू खायला यायचा आणि म्हणायचा, "भौजी, हा बसऱ्यात साहेबाले शिव्या देत होता, आईशपथ." तिला ते ऐकायला आवडायचं. खरं आहे की नाही, हे तिने कधी विचारलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. गावातला रामधन नावाचा जवान माणूस ब्रह्मदेशाकडे गेला आणि त्याची खबर बंद झाली. घरी बायको ललिताबाई, आणि दौलतरावाच्या वावराला लागून चांगला तुकडा. दौलतराव म्हातारा झाला होता. नजर तीच होती. नानाजी मेला होता, पण त्याचा मुलगा पोथी घेऊन तयार होता. ठरलं, पुतळा करायचा. पळसाच्या काड्या कोण आणणार? एक जण गमतीने म्हणाला, "मढ्याले सांगा. त्याले त्या धंद्याचा अनुभव हाये."

सकाळची वेळ. दौलतराव स्वतः जगदेवाच्या अंगणात आला, काठी टेकत. सोजरबाई चुलीशी होती. तिला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"मढ्या, चाल. पयसाच्या काड्या तोडून आन. रामधनाचं कराचं हाये."

सोजरबाईने तव्यावरची भाकर उलटली नाही. करपू दिली. तिला त्याचं उत्तर पाठ होतं, "हो मालक." पण ते आलं नाही.

"नाई," जगदेव म्हणाला.

दौलतरावाला वाटलं, जगदेवाला नीट ऐकू आलं नाही. "काड्या म्हनलं, काड्या."

"आयकलं. नाई आनत. बारा वर्सं थांबा." आणि मग, जरा दम घेऊन, "अन् माहं नाव जगदेव हाये. मले त्या नावानं हाका मारत जा. नाई त या अंगनात येऊ नका."

सोजरबाईने करपलेली भाकर तशीच ताटात घातली, बाहेर आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्याने एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "जळली व हे. दुसरी टाक." त्याने विचारलं नाही. सांगितलं. सोजरबाई आत गेली आणि पुन्हा चुलीशी बसली, आणि तव्यावर नवी भाकर पडेपर्यंत तिला धुराचं निमित्त पुरलं.

रामधन परत आला नाही. तो मुद्दाच नव्हे. पण त्याचा पुतळा कोणी जाळला नाही, कारण जगदेव ललिताबाईच्या दारात जाऊन बसला आणि सोजरबाई त्याच्याशेजारी. आणि जो माणूस आयुष्यभर हो म्हणाला तो एकदा नाही म्हणाला, की त्याला ओलांडून आत जायला पाटलाचा पाय उचलत नाही. ललिताबाईच्या बांगड्या राहिल्या. तिचं वावरही तिच्याकडेच राहिलं.

तर यापुढे कोणाला झॉम्बी म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा आधी एवढं करा. तो माणूस कोणाच्या वावरात राबतोय ते पाहा, त्याला मढं पहिल्यांदा कोण म्हणालं ते विचारा, आणि त्याच्या हातचं कोण जेवतंय ते नीट पाहून घ्या. आणि जेवणारे तुम्हीच निघालात, तर हातातला घास खाली ठेवा, आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा.